विश्लेषण : कर्ज फेडले, तरी ‘सिबिल’मध्ये थकबाकी? चूक कशी दुरुस्त करायची, भरपाई कधी मिळते?

घरासाठी कर्जाचा अर्ज केला, पगारपत्रके दिली, बिल्डरला टोकन रक्कमही देऊन झाली आणि बँकेतून फोन आला, ‘तुमचे सिबिल खराब आहे.’ चौकशी केल्यावर कळते की काही वर्षांपूर्वी फेडलेले दुचाकीचे कर्ज अजून चालू दिसते आहे. किंवा ज्या कंपनीचे नावही ऐकलेले नाही, तिच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज आपल्या नावावर थकीत आहे. अशा वेळी अनेक जण ‘स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला गाठतात. त्याची गरज नाही. चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, त्यासाठी शुल्क नाही आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूदही आहे. फक्त तक्रार कोठे आणि कशी करायची, हे माहीत हवे.

‘सिबिल’ म्हणजे नेमके काय?

बँकेच्या काउंटरवर ‘सिबिल’ हा शब्द पतगुणांकाचे दुसरे नाव म्हणून वापरला जातो. प्रत्यक्षात ते एका कंपनीचे नाव आहे. देशात पतमाहिती गोळा करणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पतमाहिती कंपन्या (नियमन) कायदा, २००५ नुसार रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेख ठेवते. त्यांपैकी सिबिल सर्वांत जुनी, सन २००० मध्ये स्थापन झालेली. म्हणून तिचेच नाव तोंडी बसले.

बँका, सहकारी बँका, गृहवित्त कंपन्या, बिगर-बँक वित्तसंस्था आणि क्रेडिट कार्ड देणाऱ्या कंपन्या आपल्या ग्राहकांच्या कर्जाची माहिती या चौघींकडे पाठवतात. जानेवारी २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही कंपन्यांचे सदस्यत्व घेणे बंधनकारक केले. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला किंवा त्याहून कमी अंतराने पाठवावी लागते. या माहितीवरून ३०० ते ९०० दरम्यानचा गुणांक काढला जातो. ७५० च्या वर असेल तर साधारणपणे चांगला समजतात. मात्र अमुक गुणांकाखाली कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा कोणताही नियम नाही. ती रेषा प्रत्येक बँक स्वतःच्या धोरणानुसार आखते.

एक लक्षात ठेवावे. पगार, बचत खात्यातील शिल्लक, सोने, जमीन यांचा या गुणांकाशी थेट संबंध नाही. तो मोजतो ते उधारीतले वागणे. त्यामुळे बँकेत दहा लाखांची ठेव असलेल्या माणसाचा गुणांक कमी आणि महिना पंचवीस हजार कमावणाऱ्याचा उत्तम, हे सहज घडू शकते.

गुणांक कमी असण्याची किंमत किती?

कर्ज नाकारले जाणे ही उघड दिसणारी किंमत. दुसरी चटकन दिसत नाही. अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदर गुणांकानुसार कमी-जास्त ठेवतात. समजा, ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी घ्यायचे आहे. ८.५० टक्के दराने मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये बसतो. गुणांक कमी म्हणून दर ९.२५ टक्के लागला, तर हप्ता सुमारे २७,४७५ रुपये होतो. फरक महिन्याला १,४४० रुपयांचा. वीस वर्षांत तो साडेतीन लाखांच्या जवळ जातो. ही वाढ दुसऱ्याच कुणाच्या चुकीमुळे सोसावी लागत असेल, तर एक दुपार खर्चून अहवाल तपासणे नक्कीच परवडते.

शिवाय प्रश्न आता कर्जापुरता राहिलेला नाही. सरकारी बँकांच्या नोकरभरतीतही उमेदवाराच्या पतइतिहासाची अट दिसू लागली आहे. शिक्षणकर्ज थकलेल्या तरुणाला नोकरी मिळवतानाच ते आडवे यावे, हे विचित्र आहे. पण अट आहे हे खरे.

अहवाल मोफत कसा मिळवायचा?

चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल गुणांकासह मोफत द्यायचा आहे. हा नियम १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. म्हणजे चार कंपन्यांकडून मिळून वर्षात चार अहवाल फुकट. संबंधित कंपनीच्याच संकेतस्थळावर जाऊन पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक देऊन तो उतरवून घेता येतो. तेथे मासिक किंवा वार्षिक वर्गणीच्या योजना ठळक दिसतात आणि मोफत अहवालाची जागा मात्र शोधावी लागते. घाई करू नये. पैसे भरायच्या पानावर आपण पोहोचलो असू, तर बहुधा वाट चुकली आहे असे समजावे.

स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुणांक कमी होतो, हा गैरसमज अजून टिकून आहे. तसे होत नाही. आपण कर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेने केलेली चौकशी वेगळी, आपण स्वतः केलेली वेगळी. फक्त पहिलीचा परिणाम होतो.

पेमेंट अ‍ॅपवर दिसणाऱ्या तीन आकडी गुणांकावर थांबू नये. चूक शोधायची तर पूर्ण अहवाल लागतो, आणि शक्यतो चारही कंपन्यांचा. एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते.

अहवालात काय वाचायचे?

आधी स्वतःची ओळख तपासावी : नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, मोबाइल क्रमांक. ज्या गावात आपण कधी राहिलो नाही तेथला पत्ता किंवा अनोळखी मोबाइल क्रमांक दिसला, तर दुसऱ्याची माहिती आपल्या अहवालात मिसळल्याची ती पहिली खूण असते.

मग एकेक खाते पाहावे. कर्ज केव्हा घेतले, किती बाकी आहे, खाते चालू आहे की बंद. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात. सिबिलच्या अहवालात हप्ता वेळेवर भरल्यास शून्ये दिसतात. ‘०३०’ म्हणजे ३० दिवस उशीर, ‘०९०’ म्हणजे ९० दिवस. तेथे ‘एक्सएक्सएक्स’ असेल तर घाबरू नये. त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. खात्यासमोर माहिती शेवटची कधी कळवली, ती तारीखही असते. फेडलेले कर्ज चालू दिसत असेल आणि ही तारीख तीन वर्षांपूर्वीची असेल, तर बँकेने नंतर काही कळवलेच नाही हे उघड आहे. तक्रारीत या तारखेचा उल्लेख जरूर करावा.

‘सेटल्ड’ आणि ‘रिटन-ऑफ’ हे शब्द सर्वांत महागात पडतात. थकलेल्या दीड लाखांपैकी ‘नव्वद हजार भरा, प्रकरण मिटवू’ असे वसुली प्रतिनिधी सांगतो, आपण भरतो आणि सुटलो असे मानतो. अहवालात मात्र ‘सेटल्ड’ अशी नोंद होते. पुढच्या बँकेला त्याचा अर्थ ‘पूर्ण पैसे दिले नाहीत’ असा दिसतो. ‘रिटन-ऑफ’ म्हणजे बँकेने आपल्या हिशेबवहीत ते बुडीत दाखवले आहे. याचा अर्थ कर्ज माफ झाले असा नव्हे. निकोप नोंद एकच, ‘क्लोज्ड’.

शेवटी चौकशांची यादी असते. कोणत्या संस्थेने, केव्हा, किती रकमेच्या कर्जासाठी आपली माहिती मागवली, ते तेथे कळते. आपण अर्जच केला नसताना एखाद्या संस्थेचे नाव असेल तर सावध व्हावे.

चुका होतात तरी कशा?

बऱ्याच चुका निव्वळ आळसाच्या असतात. कर्ज मिटते, शाखा ना-हरकत पत्र देते, पण पतमाहिती कंपनीला कळवायचे राहून जाते. बँकांच्या विलीनीकरणानेही घोळ होऊ शकतो. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात, तर सिंडिकेट बँक, आंध्र बँक, कॉर्पोरेशन बँक, अलाहाबाद बँक वगैरे १ एप्रिल २०२० रोजी वेगवेगळ्या बँकांत विलीन झाल्या. जुन्या बँकेच्या नावाचे खाते आणि नव्या बँकेतील तेच खाते अशी एकच उधारी दोनदा दिसत नाही ना, हे अशा बँकांच्या ग्राहकांनी मुद्दाम पाहावे. कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले गेले असेल, तर ना-हरकत पत्र त्या कंपनीकडून घ्यावे लागते. मूळ बँकेत खेटे घालून उपयोग नसतो.

आपल्याकडे नावांचाही गोंधळ कमी नाही. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे चार पाटील असतात. लग्नानंतर बाईचे नाव, मधले नाव आणि आडनाव तिन्ही बदलतात. पॅनवर माहेरचे, आधारवर सासरचे. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळे. पॅनमधले एक अक्षर चुकले की दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर यायला वेळ लागत नाही.

फसवणूक हा वेगळाच प्रकार. फेब्रुवारी २०२२ मध्ये अभिनेत्री सनी लिओनी हिने आपल्या पॅनवर कुणीतरी दोन हजार रुपयांचे कर्ज काढल्याचे ट्विट केले होते. पॅनची छायाप्रत आपण सिमकार्डापासून लॉजपर्यंत कुठेही देतो, त्याचे हे फळ. रक्कम छोटी असल्याने वसुलीचा फोनही येत नाही आणि थकबाकी अहवालात बसून राहते.

आणि एक प्रकार चूक वाटतो, पण चूक नसतो : जामीनकी. मित्राच्या किंवा चुलतभावाच्या कर्जाला जामीन राहिलो तर ते कर्ज आपल्याही अहवालात येते. भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘मी फक्त सही केली होती’ हे सांगून ती नोंद निघत नाही. मुलाच्या शिक्षणकर्जात सहकर्जदार असलेल्या पालकांचेही तसेच.

तक्रार कोठे आणि कशी करायची?

ज्या कंपनीच्या अहवालात चूक आहे, तिच्या संकेतस्थळावर ‘डिस्प्यूट’ नोंदवता येतो. चुकीचा रकाना निवडायचा, बरोबर माहिती लिहायची. तक्रारीचा क्रमांक मिळतो. पण पतमाहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. ती तक्रार संबंधित बँकेकडे पाठवते आणि बँकेने होकार दिला तरच दुरुस्ती होते. म्हणूनच केवळ संकेतस्थळावर अवलंबून न राहता त्याच दिवशी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. ईमेल नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. फोनवर ‘सिस्टीममध्ये अपडेट होईल, थांबा’ असे सांगितले जाते. त्या बोलण्याला पुढे काही पुरावा उरत नाही. मुदतीची मोजणी तक्रार नोंदवल्याच्या दिवसापासून होते, त्यामुळे तारखेचा कागद हाती हवाच.

अर्ज लांबलचक नको. कर्जखाते क्रमांक, अहवालाचा क्रमांक व तारीख, कोणती नोंद चूक आहे आणि ती काय असायला हवी, एवढे पुरे. सोबत ना-हरकत पत्र, कर्जखात्याचा उतारा, शेवटचा हप्ता गेल्याचे बचत खात्याचे पान जोडावे. ‘तुमची बाकी शून्य आहे’ हा एसएमएस उपयोगी पडतो, पण ना-हरकत पत्राची जागा घेत नाही. ते पत्र हरवले असेल तर आधी दुसरी प्रत मागावी.

कर्ज आपले नसेलच, तर बँकेला किंवा अ‍ॅपच्या मागील वित्तसंस्थेला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : कर्जाचा करार दाखवा आणि ही रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा केली ते सांगा. ते खाते आपले नाही हे दिसले की अर्धे काम होते. याच्या जोडीला १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत वित्तसंस्थेला पाठवावी.

दिवसाला १०० रुपये भरपाई कधी मिळते?

रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी ही व्यवस्था जाहीर केली आणि २६ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघायला हवी. त्यांतील २१ दिवस बँकेचे. तेवढ्यात तिने सुधारित माहिती पतमाहिती कंपनीकडे पाठवायची. बँकेने २१ दिवस ओलांडले आणि म्हणून उशीर झाला तर भरपाई बँक देणार. बँकेने वेळेत पाठवूनही कंपनीने ३० दिवसांत दुरुस्ती केली नाही, तर कंपनी देणार. समजा, तक्रार ५० व्या दिवशी सुटली. तीस दिवसांनंतरचे २० दिवस धरून २,००० रुपये होतात. तक्रार निकाली निघाल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम तक्रारदाराच्या बँक खात्यात जमा व्हायला हवी. त्यासाठी तक्रार करतानाच आपल्या खात्याचा तपशील द्यावा.

रक्कम मोठी नाही. घराचा सौदा फिसकटला तर दोन हजारांनी काय होणार? पण दिवस मोजले जात आहेत हे कळले की फाइल हलते, हा तिचा खरा उपयोग. मात्र ‘माझा गुणांक कमी का काढला’ अशा, गुणांक मोजण्याच्या पद्धतीबद्दलच्या तक्रारीला ही भरपाई लागू नाही. तक्रार नोंदीतल्या चुकीची हवी.

याच परिपत्रकांनुसार आणखी दोन सोयी मिळाल्या. कुणी आपला अहवाल मागवला की पतमाहिती कंपनीने एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा, आणि बँकेने आपली थकबाकी कळवली तर बँकेने तसे कळवायचे. जुना मोबाइल क्रमांक बँकेत तसाच ठेवणाऱ्यांना अर्थातच यातले काही कळत नाही. दुरुस्तीची मागणी फेटाळली, तर त्याचे कारण देणेही आता बँकेवर बंधनकारक आहे.

तरीही दाद मिळाली नाही तर?

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. बँकांबरोबरच पतमाहिती कंपन्याही १ सप्टेंबर २०२२ पासून या योजनेत आहेत. तक्रार ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ या संकेतस्थळावर करायची. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर लोकपाल ती स्वीकारत नाही. वर तारखेच्या कागदाचा आग्रह धरला तो याचसाठी.

नोंद खरीच असेल तर?

मग ती पुसता येत नाही. ‘सात दिवसांत सिबिल साफ’ अशा जाहिराती करणाऱ्यांना पैसे देणे म्हणजे पाण्यात घालणे. वर पॅन आणि ओटीपी त्यांच्या हाती देण्याचा धोका आहेच. ‘सेटल्ड’ नोंद असेल आणि ऐपत आली असेल, तर बँकेशी बोलून उरलेली रक्कम भरावी, ना-हरकत पत्र घ्यावे आणि नोंद ‘क्लोज्ड’ करण्याची लेखी विनंती करावी. जुन्या उशिराचे चौकोन त्यानंतरही काही काळ दिसत राहतात. त्यांचा प्रभाव नव्या, वेळेवर भरलेल्या हप्त्यांखाली हळूहळू झाकला जातो. त्याला महिने लागतात.

क्रेडिट कार्डाबाबत एक बारीक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. एक लाखाची मर्यादा, त्यातले ८० हजार दरमहा वापरायचे आणि देय तारखेला पूर्ण भरायचे. व्याज एक रुपयाही लागत नाही. तरी गुणांक खालीच. कारण बिल तयार होते तेव्हा बाकी ८० हजार असते आणि बहुधा तीच कळवली जाते. वापर मर्यादेच्या सुमारे ३० टक्क्यांत ठेवावा, असे सांगितले जाते ते यामुळे. खर्च टळणार नसेल तर बिल निघण्याआधीच काही रक्कम भरून टाकावी. केवळ ‘किमान रक्कम’ भरत राहणे मात्र घातक : नोंद वेळेवर भरल्याची होते, पण व्याज चढत जाते आणि बाकी उतरत नाही.

कार्ड बंद करायचे असेल तर सगळी बाकी भरून लेखी विनंती करावी. ती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झाले नाही, तर कार्ड कंपनीने दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. वार्षिक शुल्काचे दोन-तीनशे रुपये राहिले आणि त्यामुळे थकबाकीदार ठरलो, असे होऊ देऊ नये. ‘आता घ्या, नंतर भरा’ योजनांमधली किरकोळ बाकीही अशीच छळते. आणि कर्जाची गरज असताना आठवडाभरात सहा ठिकाणी अर्ज टाकणे टाळावे. प्रत्येक चौकशीची नोंद होते.

कधी कर्जच घेतले नसेल तर?

अशा व्यक्तीचा गुणांक शून्य नसतो, तो काढलेलाच नसतो. सिबिलच्या अहवालात ‘एनएच’ किंवा उणे एक असे दिसते. केवळ पतइतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेतही ते स्पष्ट केले. सुरुवात करायची तर मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड हा तुलनेने सोपा मार्ग. गावातल्या पतसंस्थेचे कर्ज वर्षानुवर्षे चोख फेडणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, कारण ते अनेकदा या अहवालात दिसतच नाही.

शेतकऱ्यांसाठी हा मुद्दा आणखी तापलेला आहे. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावले आहे. तरी शाखेत ‘सिबिल नाही’ म्हणून परत पाठवले, तर नकार लेखी मागावा. तोंडी नकारावर ना जिल्हा अग्रणी बँकेकडे काही मांडता येते, ना लोकपालाकडे.